बाथरूमच्या दिव्याचं बटण आत की बाहेर? सोमवारी टाइल्स लागणार, त्याआधी ठरवायचंय

शहापूरची_सून

नमस्कार मंडळी. बेळगावात शहापूरला आमचं जुनं कौलारू घर आहे. मागच्या सोप्याला, म्हणजे ओसरीला, लागून असलेली न्हाणी पाडून तिथंच नवीन बाथरूम बांधायला घेतलंय. आतून ५ फूट बाय ७ फूट, संडास आणि आंघोळ एकत्र. दार ५ फुटी भिंतीत, सोप्यातून. समोरच्या भिंतीवर शॉवर. आत गेलं की उजव्या हाताला बेसिन आणि आरसा. डावीकडच्या भिंतीपलीकडे स्वयंपाकघर.

वायरमननं आरशाशेजारी खडूनं चौकोन काढून वायरसाठी भिंतीत झिरीही (चर) पाडून ठेवलीय. दिवा, एक्झॉस्ट, गीझर आणि एक सॉकेट, सगळं त्या एकाच बोर्डात. तो गोकाककडचा, कन्नड बोलतो. सासूबाईंनी खूण बघितली आणि लगेच "होरगे हाकी" म्हणाल्या, म्हणजे बाहेर घाल. त्याचं म्हणणं, आता मॉड्युलर बटणं आहेत, सगळं प्लास्टिक, शॉक बसायचा प्रश्नच येत नाही.

मला सासूबाईंचं पटतंय, पण दोन अडचणी आहेत. सासरे ७८ वर्षांचे, रात्री तीन-चार वेळा उठतात. बटण बाहेर असलं तर सोप्यात अंधारात भिंत चाचपत बसतील. दुसरं म्हणजे धाकटा मुलगा ५ वर्षांचा. आत कुणी गेलं की बाहेरून दिवा घालवायचा हा त्याचा रोजचा खेळ. सासरे आत असताना त्यानं दिवा घालवला आणि ते घसरले तर? खरं सांगायचं तर मला शॉकपेक्षा त्याची भीती जास्त वाटते.

वायरमन_खानापूर

ताई, बाहेर. सासूबाई बरोबर आहेत. २२ वर्षं हेच काम करूलालोय. आत्ता साइटवर आहे, रात्री सविस्तर लिहितो. तोवर तीन गोष्टी बघून ठेवा. दाराची कडी कुठल्या हाताला येते. बाहेरचा बोर्ड जिथं येईल त्या भिंतीच्या आतल्या अंगाला काय आहे. आणि मीटरजवळच्या डीबीत, म्हणजे मेन स्विचांच्या पेटीत, आरसीसीबी आहे का, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच. त्याच्यावर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतंय. एमसीबी वेगळा, तो नव्हे.

निपाणीकर

मी तांत्रिक माणूस नाही, पण घरात घडलेलं सांगतो. आमच्या जुन्या घरात न्हाणीत आतच लाकडी बोर्ड होता, काळी गोल बटणं आणि लाकडी पट्टीवरून गेलेली वायर. वर्षानुवर्षं काही झालं नाही. मग एका पावसाळ्यात भिंतीला ओल आली. ओल बोर्डाच्या लाकडात मुरली आणि लाकूड फुगलं. वडील आंघोळ करून उठले आणि ओल्या हातानं बटण दाबायला गेले. बटणाला नव्हे, बोर्डाच्या कडेच्या स्क्रूला बोट लागलं. हात झटकला गेला तसे ते मागे कोसळले आणि खुबा मोडला.

झटका मोठा नव्हता असं नंतर तेच म्हणायचे. पण कोरड्या खोलीत ज्या झटक्याला माणूस नुसता "आई गं" म्हणून हात मागे घेतो, त्याच झटक्यानं ओल्या फरशीवर माणूस पडतो. ते पुढची चार वर्षं काठी घेऊन चालले. ताई, तुमची पडण्याची भीती खरीच आहे, पण आतलं बटण त्या भीतीवरचा उपाय नाही. त्यानंसुद्धा माणूस पडतो.

टिळकवाडी_इलेक्ट्रिकल

निपाणीकरकाका, वाचून वाईट वाटलं. तुम्ही लिहिलंय ते अगदी खरं आहे.

आता प्लास्टिकच्या मुद्द्याबद्दल. मी इलेक्ट्रिकल शिकवतो, आणि विद्यार्थीही हाच प्रश्न विचारतात. कोरड्या हातापुरतं त्या वायरमनचं म्हणणं बरोबर आहे. पण बटणाची पट्टी आणि प्लेट यांच्यामध्ये फट असते. बोटावरचं पाणी तिथून आत ओघळतं आणि वाफ तर कुठेही शिरते. आत पितळी टोकांवर ओल धरली की हिरवट-पांढरा थर येतो. त्या थरातून आणि ओलसर भिंतीतून थोडा थोडा करंट झिरपायला लागतो. हे एका दिवसात होत नाही, म्हणूनच "सगळे आतच घालतात, काही होत नाही" असं वाटतं.

ओलं झालं की कातडीचा विजेला होणारा विरोध फार घटतो. ढोबळ हिशेबाला अंगाचा विरोध १,००० ओहम धरा. आपल्याकडे घरात २३० व्होल्ट येतात, म्हणजे अंगातून २३० मिलिअँपिअर जाणार. हृदयाची लय बिघडायला याहून पुष्कळ कमी पुरतो. आणि दिव्याच्या लाइनवरचा एमसीबी असतो ६ अँपिअरचा, म्हणजे ६,००० मिलिअँपिअरचा. माणसाच्या अंगातून २३० गेले तरी त्याच्या लेखी कुठेतरी ५० वॅटचा एक बल्ब लागलाय, बस. तो पडणारच नाही. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो.

माणसासाठी असतो तो आरसीसीबी. फेजमधून जितका करंट गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला का, एवढंच तो बघतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की डोळ्याचं पातं लवायच्या आत लाइन तोडतो. घेताना त्यावर ३० एमए लिहिलंय ना ते बघा. १०० आणि ३०० चेही मिळतात, ते आग लागू नये म्हणून असतात. माणूस वाचवायला ते उपयोगाचे नाहीत.

आता जागेबद्दल. आयईसी ६०३६४ या आंतरराष्ट्रीय मानकात बाथरूमसाठी ७०१ क्रमांकाचा वेगळा भाग आहे. त्यात टबच्या आतली जागा म्हणजे झोन ०, त्याच्या वर सव्वादोन मीटरपर्यंत झोन १ आणि तिथून बाजूला ६० सेंटिमीटर झोन २, अशी आखणी केलेली आहे. टब नसेल, नुसता शॉवर असेल तर शॉवरच्या तोंडापासून चहूबाजूंनी १.२ मीटर, म्हणजे साधारण ४ फूट, झोन १ धरतात. २३० व्होल्टचं साधं बटण या हद्दीत चालत नाही. तुमची खोली ७ फूट लांब. शॉवरची दांडी भिंतीतून फूटभर पुढे आली तर ५ फूट यातच गेले. उरले दाराजवळचे २ फूट, आणि तिथं बेसिन. म्हणजे आत जागाच नाही.

शिवाय ही आखणी शॉवर आणि टबाचा विचार करून केलेली आहे. आपण पाटावर बसून बादलीतून तांब्यानं घेतो. ते पाणी झोन बघून उडत नाही. संडासाजवळच्या जेट स्प्रेला मीटरभर नळी असते, ती कुठेही पोचते. म्हणून आपल्याकडच्या लहान बाथरूमला मी एकच नियम लावतो. आतली अख्खी खोली ओली धरायची.

चिकोडी_ते_लीड्स

मी मूळची चिकोडीची, आता इंग्लंडमध्ये लीड्सला असते. इथं बाथरूममध्ये भिंतीवर बटण दिसत नाही. एकतर दाराबाहेर असतं, नाहीतर आत छताला लावतात आणि त्याची दोरी खाली लोंबते. दोरी ओढायची, दिवा लागतो. ओला हात फक्त दोरीला लागतो. सॉकेट शॉवरच्या हद्दीपासून निदान अडीच मीटर लांब हवं. २०२२ च्या आधी ३ मीटर होतं. इथल्या बहुतेक बाथरूममध्ये एवढी लांबीच नसते, त्यामुळे सॉकेट नसतंच. दाढीच्या मशीनसाठी वेगळं ट्रान्सफॉर्मरवालं छोटं सॉकेट असतं, तेवढंच. माझ्या माहेरी मात्र अजून आरशाखाली सॉकेट आहे आणि आई त्यात पाणी तापवायचा रॉड लावते. प्रत्येक फोनवर सांगते, ऐकत नाही.

शहापूरची_सून

रॉडचं वाचून पोटात गोळा आला. आमच्याकडेही तेच आहे. बोर्डात सॉकेट सांगितलं होतं ते खरं तर रॉडसाठीच. गीझर घेतोय, पण "गीझर बिघडला तर?" म्हणून.

वायरमन_खानापूर

ताई, गीझर बिघडला तर दोन दिवस गॅसवर पाणी तापवा. रॉड नको. रॉडची नळी आतून फुटली की बादलीतलं पाणीच फेज होतंय. वरून काही कळत नाही, पाणी तापतच असतंय. पत्र्याची बादली असली तर विचारायलाच नको. ज्या घरात अजून रॉड आहे त्यांनी बाथरूमच्या बाहेर लावावा, प्लग काढून हातात घेतल्याशिवाय पाण्याला बोट लावू नये. पण नवीन बांधकामात त्याच्यासाठी मुद्दाम सॉकेट काढून देणं म्हणजे आपणच आमंत्रण दिल्यासारखं.

बरं, आता दिवा. सकाळच्या तीन गोष्टींचं उत्तर द्या.

शहापूरची_सून

दार डाव्या कोपऱ्यात, बिजागऱ्या डावीकडे, कडी उजव्या हाताला. दार आत उघडतं. डीबीत आरसीसीबी नाही, नुसते एमसीबी आहेत. बाहेर बोर्ड घालायचा तर वायरमन म्हणतो, स्वयंपाकघरात बाथरूमच्या भिंतीवर आधीचा बोर्ड आहे, त्यातच तीन बटणं वाढवतो, झिरी पाडायचा त्रास नाही. त्या भिंतीच्या आतल्या अंगाला शॉवरजवळचा कोपरा येतो.

वायरमन_खानापूर

हेच विचारायचं होतं. तो बोर्ड नको. लोकांना वाटतंय बटण बाहेर घातलं म्हणजे झालं. बोर्डाची पेटी भिंतीत दोन इंच आत जाते. तुमची भिंत साडेचार इंची असणार. म्हणजे पेटीच्या पाठीमागं अडीच इंच वीट राहिली, त्याच्या पलीकडं रोज शॉवरचं पाणी. टाइल्सच्या सांध्यातलं भरण दोन-तीन वर्षांत सुटतंय. तिथून पाणी विटेत मुरतंय आणि पेटीत मागनं उतरतंय. अशा पेट्या मी उघडल्यात, स्क्रू गंजून हाताला आलेत. आणि तो बोर्ड स्वयंपाकघरातला, म्हणजे तिथंसुद्धा ओलेच हात.

तुमच्यासाठी जागा एकच. सोप्यातून दाराकडं तोंड केलं की उजवीकडं, कडीच्या बाजूला, चौकटीपासून ६ ते ८ इंच सोडून. त्याच्या मागं बेसिनचा कोपरा येतो, शॉवर नाही. बेसिनचा नळ त्या भिंतीतनं नेऊ नका, बाजूच्या भिंतीतनं न्या. बिजागरीच्या बाजूला कधी घालू नये, माणूस अंधारात दार उघडून मग वळसा घालून बटण शोधतंय.

उंची फरशीपासून ४ फूट. सासऱ्यांचा हात खांद्याच्या वर जायला नको.

वायर फेजची बटणातनं गेली पाहिजे. जुन्या घरात कितीतरी ठिकाणी न्यूट्रल बटणात घातलेली असते. दिवा लागतो, बंद होतो, कुणाला कळत नाही. पण बटण बंद असलं तरी होल्डरमध्ये फेज असतेच, आणि बल्ब बदलायला ओल्या स्टुलावर चढलेला माणूस निर्धास्त असतोय. बटण बंद केल्यावर एलईडी मंद जळत राहिला तर न्यूट्रल बटणात आहे का ते आधी तपासून घ्या. बटणात इंडिकेटर असला तरी तसं होतंय, पण तपासायला पैसे लागत नाहीत. काम झाल्यावर वायरमनला टेस्टर लावून तुमच्यासमोर दाखवायला सांगा.

गीझरला डीपी स्विच, तोही बाहेर. डीपी म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा. २,००० वॅटचा गीझर जवळजवळ ९ अँपिअर ओढतोय, त्याला २.५ स्क्वेअर एमएमची वेगळी वायर थेट डीबीतनं. दिव्याच्या लाइनवर टाकू देऊ नका. लाल दिवा असलेला घ्या, चालू राहिला तर सोप्यातनं दिसतोय.

संकेश्वरची_परिचारिका

मी वृद्ध रुग्णांचं काम करते, म्हणून सासऱ्यांबद्दल लिहिते. रात्री उठल्यावर माणूस अर्धवट झोपेत असतो. बटण आत असो की बाहेर, पलंगापासून बटणापर्यंतची वाट अंधारी असेल तर तो तिथंच पडेल. त्यामुळे सोप्यात पायाजवळ एक छोटा दिवा रात्रभर राहू द्या. फूट लॅम्प म्हणून मिळतो, अर्धा-एक वॅटचा. वीजबिलात तो कळणारही नाही.

नातवाचा खेळ समजावून थांबेल तेव्हा थांबेल. बाथरूममध्ये दोन दिवे ठेवा. एक मोठा, बाहेरच्या बटणावर. दुसरा अगदी मंद, दाराच्या वर उंच, जो संध्याकाळपासून सकाळपर्यंत चालूच राहील. त्याचं बटण त्या बोर्डात नको, मुलाच्या हाताला लागणार नाही असं घरातल्या दुसऱ्या खोलीत कुठेतरी. मोठा दिवा गेला तरी काळोख होत नाही. म्हाताऱ्या माणसाला काळोख झाला की तो लगेच उठायला धडपडतो, आणि तेव्हाच पाय घसरतो.

हालचाल ओळखून लागणारा दिवा घेऊ का असं बरेच जण विचारतात. सोप्यात जरूर घ्या. बाथरूममध्ये तो एकटा नको. संडासावर माणूस दहा मिनिटं स्थिर बसला की दिवा जातो.

आणि कृपा करून दार बाहेर उघडेल असं करा. माणूस आत पडला की दाराला टेकूनच पडतो, मग आत ढकलायचं दार उघडत नाही. मी हे स्वतः पाहिलंय. चौकट अजून बसली नसेल तर आजच सांगा.

शहापूरची_सून

चौकट उद्या बसणार होती. गवंडीमामांना आत्ताच फोन केला, दार बाहेर उघडेल असं करणार आहेत. ताई, तुमचे उपकार कसे फेडू.

जांबोटीकर

आमची गोष्ट वेगळी आहे, पण धाग्यात असू द्या, खानापूर तालुक्यातल्या लोकांना उपयोगी पडेल. आमची न्हाणी परड्यात, घरापासून पंधरा पावलांवर. "बटण बाहेर" म्हणून आम्ही न्हाणीच्या बाहेरच्या भिंतीवर घातलं. आमच्याकडे पाऊस उभा नाही, आडवा येतो. पहिल्याच आषाढात बोर्डातून चरचर आवाज यायला लागला. उघडला तर आत पाणी आणि मुंग्यांचं वारूळ.

आता बटण घराच्या मागच्या दाराशी, पडवीत आहे, छपराखाली. एकाच बटणावर वाटेवरचा दिवा आणि न्हाणीतला दिवा दोन्ही लागतात, त्यामुळे साप-किरडू बघत जाता येतं. न्हाणीकडे गेलेली वायर पेटीत वरून शिरत होती, ती खालून घेतली, आणि शिरण्याआधी तिला खाली एक झोळ ठेवला. वायरीवरून ओघळणारं पाणी त्या झोळातून खाली गळतं, पेटीत जात नाही. हे आमच्या गावच्या वायरमननं सुचवलं. मला ते फार आवडलं, कारण त्याला एक पैसाही लागला नाही.

टिळकवाडी_इलेक्ट्रिकल

उत्तम उपाय. बाहेर उघड्यावर बटण टाळता येत नसेल तर रबरी कडेचं, झाकणवालं वेदरप्रूफ बॉक्स घ्या. आतल्या दिव्यालाही बंदिस्त काच किंवा डिफ्युझर असलेलाच घ्या, डब्यावर आयपी ४४ किंवा त्याहून वरचा आकडा बघून. ४४ मधला दुसरा ४ म्हणजे चहूबाजूंनी उडणारं पाणी आत जात नाही.

आमच्या भागात एक गोष्ट हमखास विसरली जाते, अर्थिंग. जांभ्या दगडाची आणि मुरमाड जमीन उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत होते, अर्थिंगचा खड्डा नावालाच उरतो. आरसीसीबी अर्थिंग नसतानाही काम करतो, पण मग करंट माणसाच्या अंगातून जाईल तेव्हाच त्याला कळतं. अर्थिंग चांगलं असेल तर गीझरच्या टाकीत गळती झाल्या झाल्या लाइन पडते, कुणी हात लावायच्या आधीच. मार्च ते मे खड्ड्यात पाणी घालत जा.

शहापूरची_सून

दिवे इन्व्हर्टरवर घेतले तर आरसीसीबी चालतो का? आमच्याकडे पावसाळ्यात वीज जाते तेव्हाच सासरे जास्त अडखळतात.

टिळकवाडी_इलेक्ट्रिकल

बाथरूमचे दोन्ही दिवे इन्व्हर्टरवर घ्याच. मात्र वीज गेल्यावर करंट बॅटरीकडून येतो, मीटरजवळच्या आरसीसीबीतून येत नाही. म्हणून इन्व्हर्टरमधून बाहेर पडणाऱ्या लाइनवर वेगळा आरसीसीबी लावून घ्या, आणि त्यासाठी अर्थ-न्यूट्रलची जोडणी बरोबर आहे ना ते तपासून घ्या. इन्व्हर्टरच्या लाइनचा न्यूट्रल दुसऱ्या लाइनच्या न्यूट्रलला कुठे जोडला गेला तर आरसीसीबी उगाच पडत राहील. मग लोक वैतागून तो काढूनच टाकतात. काढू नका, चूक शोधायला लावा.

संकेश्वरची_परिचारिका

एक राहिलं. संडासाजवळ धरायला दांडी लावणार असाल तर तिचं ड्रिलिंग नंतर होतं. भिंतीत वायर कुठून गेलीय ते तेव्हा कुणाला आठवत नाही.

वायरमन_खानापूर

बरोबर. झिरी कायम बोर्डापासून सरळ उभी वर गेली पाहिजे, तिरकी नको. तिरकी वायर शोधता येत नाही. आणि टाइल्स लागायच्या आधी चारी भिंतींचे फोटो काढा, टेप लावून, दारापासून किती इंचावर पाइप आहे ते दिसेल असे. नळाच्या पाइपांचेही काढा.

शहापूरची_सून

तीन आठवड्यांनी लिहितेय, क्षमा असावी. बोर्ड सोप्यात, कडीच्या बाजूला, ४ फुटांवर घेतला. वायरमननं आधी नाक मुरडलं, पण सासूबाईंनी त्याला कन्नडमधून निपाणीकरकाकांची हकिकत सांगितली. तो गप्प उभा राहून ऐकत होता, मग स्वतःच म्हणाला, उद्या आरसीसीबी घेऊन येतो. इन्व्हर्टरच्या लाइनवर दुसराही लावला. टेस्टर लावून होल्डर दाखवला. 'टी' बटण दर महिन्याच्या एक तारखेला दाबायचं असं कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.

मंद दिव्याचं बटण आमच्या खोलीत घेतलं. पहिल्या रात्री मी जागीच होते. सासरे दोनदा उठले, दोन्ही वेळा मोठा दिवा लावलाच नाही. सकाळी म्हणाले, तेवढा उजेड पुरतो, डोळ्यावर येत नाही.

वायरमन_खानापूर

बरं वाटलं ताई. आरशाशेजारी आधी पाडलेल्या झिरीचं काय केलं? त्यात वायर ओढली होती का?

शहापूरची_सून

ओढली होती. पूर्ण बाहेर काढली, टोक टेप लावून आत ठेवू दिलं नाही. मग सिमेंटनं झिरी बुजवली आणि त्यावर टाइल बसली.